टाक्यांची राखण



गुरांच्या जखमांवरचे व्याख्यान ऐकावयास इतकी मंडळी येतील, असे आम्हांस वाटले नव्हते. पण बल्लारपुरात कागदाची गिरणी आली, कोळशाच्या खाणी आल्या, तरी सकाळचा चहा गाईम्हशींच्याच जिवावर होतो. तेव्हा विषय आपणांस परका नाही.

शस्त्रक्रियेत जंतुनाशकांचा वापर रूढ करणारे शल्यवैद्य जोसेफ लिस्टर यांनी १८६७ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा कार्लाइल गावचा दाखला दिला. तेथे सांडपाण्यात कार्बॉलिक आम्ल घालीत. त्यामुळे कुरणांची दुर्गंधी गेली आणि तेथे चरणाऱ्या गुरांच्या पोटातील कृमीही मेले, असे त्यांच्या वाचनात आले होते. माणसाच्या जखमेला जे औषध मिळाले, त्याच्या मुळाशी गुरेही होती. गुरांच्या जखमेची पाळी आली की मात्र आपण चुलीतली राख शोधतो!

काही वर्षांपूर्वी वर्धेकाठच्या एका खेड्यात आम्ही गाईचे पोट उघडले. तिने प्लास्टिकच्या पिशव्या खाल्ल्या होत्या. बाजारच्या कचऱ्यातल्या, म्हणजे तुमच्याआमच्या घरातल्याच. गाय उभी ठेवून डाव्या कुशीत भूल दिली. अशा वेळी पहिले पोट कातडीला टाचून मगच उघडावयाचे असते, कारण आतला आंबलेला चारा पोकळीत सांडला तर टाके कितीही सुबक असोत, व्यर्थ. तेही यथासांग झाले. पाचव्या दिवशी निरोप आला की गाय चारा खात नाही. जाऊन पाहतो तो कूस सुजलेली, टाक्यांतून घाण वासाचा पू, आणि अळ्या वळवळत असलेल्या. घरच्या बाईंनी जखम सुकावी म्हणून राख चोपडली होती. आम्ही रागावलो. त्या म्हणाल्या, “साहेब, तुम्ही सुई टोचून चालले गेले. काय लावाचं नाही, ते कोनं सांगतलं आमाले?”

दोष आमचाच होता. खालचे टाके उसवून पू वाहू दिला, अळ्या वेचल्या, मेलेले मांस कापले, उकळून निवविलेल्या मिठाच्या पाण्याने रोज धुतले, आणि कोणते औषध लागू पडेल हे कळावे म्हणून पू तपासणीस पाठविला. गाय वाचली, त्या वेताचे दूध मात्र आटले.

लोकांचा सुईवर फार भरवसा. प्रतिजैविक शस्त्र लागण्यापूर्वी तासाभरात रक्तात गेले पाहिजे. नंतर आठवडाभर टोचून ओल्या कोठ्याची भरपाई होत नाही. उलट जंतू त्या औषधास सरावतात, आणि औषध दुधातून आपल्या चहात उतरते. केस कापावयाचे तेही ऐन वेळी. आदल्या दिवशी कापले तर वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांत जंतू वाढतात. वैशाखात तर आम्ही उजाडताच, माश्या उठण्यापूर्वी काम उरकतो.

पहिले दोनतीन दिवस थोडी सूज येतेच. ती वाढू लागली, ओल किंवा वास आला, तर थांबू नये. सुजेवर माणसांचे डायक्लोफेनॅक मात्र आणू नका. गुरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, कारण अशा मेलेल्या जनावराचे मांस खाऊन गिधाडे मरतात, आणि आपल्या गडचिरोलीच्या रानात ती थोडीच उरली आहेत.

आता निघण्यापूर्वी आम्ही घरच्यांकडून म्हणवून घेतो: राख नाही, शेण नाही, जळके तेल नाही, खाली रोज कोरडे तणस, आणि दहा ते चौदा दिवसांनी टाके काढावयास बोलावणे.