पास काढा, भूगोल पाहा
(उपनगरातील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



शाळेत आपण सगळ्यांनीच भूरूपांच्या व्याख्या घोकल्या आहेत. चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग म्हणजे बेट. उंच पण माथ्याला सपाट असलेला प्रदेश म्हणजे पठार. व्याख्या बरोबर आहेत, पण त्या फक्त आकार सांगतात. हा आकार घडला कसा आणि पडलेल्या पाण्याचे तो काय करतो, हे कळले तरच भूरूप कळले, असे मी म्हणेन. त्यासाठी हिमालय गाठायला नको. रेल्वेने हिंडलात तरी पुरे.

पठारच घ्या. नाशिकला जाताना कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिन लागते, बोगदे सुरू होतात आणि सुमारे 600 मीटर उंचीवर इगतपुरी येते. आता डोंगर चढलो म्हणजे पलीकडे उतरायला हवे. गाडी मात्र उतरत नाही, तशीच पुढे पळत राहते. कोकणातून आपण ज्याला सह्याद्री म्हणतो, तो दख्खनच्या पठाराचा तुटलेला पश्चिम कडा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर हा काळा पाषाण पसरलेला आहे.

त्याच उलथापालथीचा एक साक्षीदार अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला इमारतींच्या गराड्यात उभा आहे. गिल्बर्ट हिल. उंची सुमारे 61 मीटर. पायऱ्या चढून गावदेवीच्या दर्शनाला जाणारे पुष्कळ. पायथ्याशी थांबून कातळ पाहणारे थोडे. पाहिलात तर बेसॉल्टचे उभे, बहुकोनी खांब एकमेकांना खेटून उभे दिसतील. ते कोणी घडवले नाहीत. लाव्हा सावकाश निवताना आकसतो आणि सुकणाऱ्या गाळासारखा तडकतो. तडे खोलवर जातात आणि खांब तयार होतात. असेच खांब पाहायला लोक अमेरिकेत डेव्हिल्स टॉवरला जातात. आपण आपल्या टेकडीभोवती खाणी खणल्या. 2007 मध्ये तिला महापालिकेच्या वारसा यादीत जागा मिळाली, तोवर आजूबाजूचा बराच दगड गेला होता.

आता बेट. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड ही सगळी साष्टी बेटावर आहेत. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची. मुलुंडहून ऐरोलीचा पूल ओलांडणारा रोज बेट सोडून मुख्य भूमीवर जातो, पण ते त्याच्या ध्यानीमनी नसते. पुलाखालचे पाणी नदीसारखे एकाच दिशेने वाहत नाही. भरतीला आत येते, ओहोटीला बाहेर जाते. भरती-ओहोटीच्या या येरझाऱ्यांतूनच खाडीकाठी चिखल साठतो, खारफुटी रुजते आणि रोहित पक्षी उतरतात.

या बेटाच्या मधोमध राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. इथला उतार कान्हेरीच्या भिक्षूंनी नीट ओळखला होता. कातळात पन्हळी कोरून त्यांनी पावसाचे पाणी लेण्यांजवळच्या टाक्यांत, म्हणजे पोढींत उतरवले. त्याच डोंगरांतून दहिसर, पोईसर, ओशिवरा या नद्या पश्चिमेला निघतात. विहार-पवई तलाव भरले की ते पाणी मिठी नदीतून माहीमच्या खाडीकडे जाते.

या नद्यांना आपण नाले म्हणू लागलो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, शिवाय भरतीची वेळ. मिठीने कुर्ला, कलिना, वांद्रे या भागांत आपले खोरे कुठवर आहे ते दाखवून दिले. त्याआधी, जुलै 2000 मध्ये घाटकोपरला डोंगराची दरड वस्तीवर कोसळून कित्येक माणसे गेली होती. उतार आणि खोरे हे शब्द परीक्षेत दोन गुणांना येतात. पावसाळ्यात ते जिवावर बेततात.

म्हणून इथे बसलेल्या पालकांना आणि शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. व्याख्या पाठ करून घ्यायच्या आधी मुलांना एक प्रश्न घाला: आपल्या गच्चीवर पडलेला पाऊस कोणत्या नाल्याने, कोणत्या नदीने, कोणत्या खाडीला जातो? पहिला पाऊस पडला की छत्री घेऊन त्यांच्याबरोबर निघा आणि उत्तर शोधून काढा.