अग्निशामकाचे मन आणि मालकाची जबाबदारी

(अग्निशमन सप्ताहानिमित्त महापालिका कामगारांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



१४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या बोटीला आग लागली. कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकाच बोटीत भरलेली होती. जवान आग विझवीत असतानाच स्फोट झाले आणि अग्निशामक दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर हा सप्ताह पाळला जातो, पुष्पचक्रे वाहिली जातात. ते योग्यच आहे. परंतु माझा प्रश्न त्या दिवशी वाचलेल्यांविषयी आहे. सोबत्यांना तेथे गमावून जे घरी परतले, त्यांचे पुढे काय झाले?

माझा एक विद्यार्थी अग्निशमन केंद्राच्या वसाहतीत वाढला. तो सांगे, घंटा वाजली की आई स्टोव्ह विझवी आणि गाडी परत येईपर्यंत पेटवीत नसे. एका आगीत लहान मुलाला बाहेर काढावयास उशीर झाला. त्यानंतर वडील तीन दिवस कोणाशी बोलले नाहीत. रजेच्या अर्जात कारण लिहिले, 'पोटदुखी'. दुसरे काय लिहिणार? जे झाले होते त्याला अर्जात शब्द नव्हता, आणि लिहिले असते तर 'भित्रा' हा शिक्का बसला असता. पुढे दारू आली, घरात मारहाण आली. त्याची नोंद कोणत्याच दप्तरात नाही.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, म्हणून मला हा प्रथम हिशेबाचा प्रश्न दिसतो. कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहिला. मालक जो खर्च आपल्या वहीत मांडत नाही, तो कामगाराच्या व समाजाच्या अंगावर पडतो, हे त्याचे प्रतिपादन. येथे मालक खाजगी नाही, महापालिका आहे. पण वही तशीच आहे. शहराच्या सुरक्षिततेचा एक हप्ता त्या स्टोव्हपाशी बसलेली बाई भरीत होती.

न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात चॅप्लन, म्हणजे दलाच्या सेवेतील धर्मोपदेशक असतात. ११ सप्टेंबर २००१ रोजी त्या दलाचे ३४३ जण मृत्युमुखी पडले, त्यांत फादर मायकल जज हे चॅप्लनही होते. सरकारी खात्याने धर्मगुरू पोसावा काय, हा आक्षेप आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. तो माझाही आहे. आपल्या एकेका पाळीत निरनिराळ्या धर्मांचे जवान असतात आणि कोणताच न मानणारेही असतात. तथापि त्या प्रथेतला घेण्याजोगा भाग धर्माचा नाही. हुकूम न सोडणारा, आगीच्या जागी, इस्पितळात आणि घरीही येणारा, ऐकलेले वर न कळविणारा एक माणूस दलात असावा, एवढाच तो आहे. त्या दलाच्या समुपदेशन विभागाचा २००१ नंतर मोठा विस्तार करावा लागला. पुढे कामगार संघटनांच्या दीर्घ रेट्यानंतर अमेरिकन काँग्रेसने २०१० मध्ये झाड्रोगा कायदा संमत केला आणि बचावकार्य करणाऱ्यांच्या उपचारांचा भार, मानसिक विकारांसह, सरकारने उचलला. भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यात हे घडले, याची नोंद घ्या.

येथे एक सावधगिरीची सूचना. १९८३ मध्ये मिचेल या अमेरिकन तज्ज्ञाने दुर्घटनेनंतर लगेच एक बैठक घेऊन सर्वांना बोलते करण्याची पद्धत मांडली. ती जगभर पसरली, कारण ती स्वस्त होती. पुढील पाहणीत अशा एकाच बैठकीने विकार टळत नाही, क्वचित अपायही होतो, असे आढळले. ब्रिटनमध्ये २००५ साली ती न वापरण्याचा सल्ला दिला गेला. तेव्हा दुर्घटनेनंतर एक व्याख्याता बोलावून छायाचित्र काढणाऱ्या प्रशासनावर समाधान मानू नका. मदत सातत्याची हवी, आणि मागणाऱ्याच्या बढतीवर तिची सावली पडता कामा नये.

आपल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात शिसे व फॉस्फरस यांची विषबाधा होती. मनाचा विकार नव्हता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मात्र २०१० मध्ये व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आघातोत्तर मानसिक विकार घातला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराचा हक्क दिला. परंतु कागदावरचा हक्क आणि रात्री दोन वाजता आगीवरून परतलेला जवान यांच्यामध्ये अजून कोणी उभे नाही.

९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली आणि प्रमुखासह चार अधिकारी आपण गमावले. त्यांच्या हाताखाली त्या दिवशी काम केलेले कित्येक जवान आजही पाळीवर असतील. आणि रुग्णवाहिकांवरील ठेकेदारीचे कामगार? त्यांना तर सप्ताहही नाही. मागणी त्यांना धरूनच केली पाहिजे.

आपल्या मागणीपत्राचा मसुदा मी वाचला. त्यात गमबूट आहेत, धुलाई भत्ता आहे. दलाच्या अधिकाररचनेबाहेरचा, पगारी, कायम समुपदेशक आणि त्याची दारे बायकामुलांनाही उघडी, असे एक कलम त्यात घालावे. ते धुलाई भत्त्याच्या वर असावे.