राजाज्ञा, धर्मसत्ता आणि कायदा
(सोलापूर येथील भाषण)



केवळ राजाज्ञेने धर्मसत्ता निर्माण होते काय? नाताळ वसाहतीचे बिशप कोलेन्सो यांच्या प्रकरणी १८६५ साली प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला, की जेथे स्वतंत्र विधिमंडळ आहे तेथे राणीच्या नुसत्या सनदेने एका धर्माधिकाऱ्यास दुसऱ्यावर दंडसत्ता प्राप्त होत नाही. मुंबईच्या बिशपपदासही १८३३ च्या पार्लमेंटच्या कायद्याचा आधार घ्यावा लागला.

जे राणीला साधले नाही, ते गावकीच्या फर्मानाला कसे साधेल? संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आपणांस दिले आहे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. म्हणून धम्मस्वीकाराने वडिलार्जित जमिनीवरील वारसा बुडत नाही. भाऊबंद धमकावतील तर भिऊन अंगठा उठवू नका. कायद्याचे कलम विचारा.

जय भीम!