हुंडणावळीतील दोन पेन्स



'१९४७ साली एका रुपयाला एक डॉलर मिळत असे', हे विधान अनेक घरांत अभिमानाने सांगितले जाते. ऐकावयास ते गोड आहे. परंतु खरे नाही. स्वातंत्र्याच्या वेळी एका पौंडाचा भाव १३ रुपये ५ आणे ४ पै होता आणि एक पौंड चार डॉलरांच्या घरात होता. म्हणजे एका डॉलरला सव्वातीन रुपयांहून किंचित अधिकच मोजावे लागत. शिवाय पौंडाचा तो भाव भारताच्या सामर्थ्याचे लक्षण नव्हता. तो परकीय सत्तेने ठरविलेला भाव होता. तो कसा ठरला, हे समजून घेतले म्हणजे रुपयाच्या मानापमानाविषयीच्या अनेक भ्रामक कल्पना गळून पडतात.

बारा पेन्सांचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड, हा त्या काळचा हिशेब. पौंड सोन्याशी बांधलेला होता, तर रुपया चांदीचा होता. १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा वजनाचा रुपया रूढ झाला. चांदीचा भाव स्थिर होता तोवर रुपयाला सुमारे दोन शिलिंग मिळत. पौंडाला दहा रुपये पडत. १८७१ नंतर जर्मनीने सुवर्णचलन स्वीकारले, युरोपातील इतर देशांनी चांदीची नाणी पाडणे आवरते घेतले आणि चांदीचा भाव कोसळू लागला. १८९२-९३ मध्ये रुपया जेमतेम १५ पेन्सांवर आला.

या घसरणीची सर्वाधिक झळ सरकारी खजिन्याला बसली. निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची वेतने, रेल्वेच्या भांडवलावरील व्याज आणि लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च भारताने पौंडांत चुकवावा, असा दंडक होता. 'होम चार्जेस' या सौम्य नावाने तो ओळखला जाई. रुपया घसरला की तेवढ्याच पौंडांसाठी अधिक रुपये लागत आणि ते करांतूनच उभे राहत. या खर्चाच्या न्याय्यतेचा विचार न करता सरकारने चलनाचीच व्यवस्था बदलली.

२६ जून १८९३ रोजी टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद झाल्या. तोपर्यंत कोणीही चांदी घेऊन जावे आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. आता रुपयाची टंचाई निर्माण करून त्याचा भाव चढविण्यात आला. १८९९ मध्ये तो १ शिलिंग ४ पेन्सांवर, म्हणजे पौंडाला १५ रुपयांवर स्थिर झाला. परंतु शेतकऱ्याच्या घरातील चांदीचे दागिने, जी त्याची एकमेव शिल्लक, ते रुपयाच्या मानाने स्वस्त झाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत ते मोडावे लागले, तेव्हा हातात कमी रुपये पडले. कृत्रिम उपायाने रुपया महाग करणे म्हणजे न सांगता करवाढ करणे होय, हे दादाभाई नौरोजींनी १८९८ च्या चलन समितीपुढे ठामपणे मांडले होते.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारने दोन शिलिंगांचा दर धरण्याचा हट्ट केला. मुंबईचे दादिबा दलाल यांनी समितीत राहून याला विरोध नोंदविला. तो डावलला गेला. १९२० मध्ये तो दर टिकविण्यासाठी लंडनमधील भारताच्या राखीव निधीतून कोट्यवधी पौंड स्वस्तात विकले गेले आणि अखेर दर सोडून द्यावाच लागला.

पुढे १९२६ मध्ये हिल्टन यंग आयोगाने १ शिलिंग ६ पेन्सांची शिफारस केली. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून १ शिलिंग ४ पेन्सांचा आग्रह धरला. दोन पेन्सांनी काय मोठे बिघडते? लिव्हरपूलला शंभर पौंडांना विकल्या गेलेल्या कापसाचे जुन्या दराने १५०० रुपये येत, नव्या दराने १३३३ रुपये. सारा आणि सावकाराचे व्याज मात्र तेवढेच. उलट मँचेस्टरचे शंभर पौंडांचे कापड १५०० ऐवजी १३३३ रुपयांत उतरू लागले. १९२७ च्या कायद्याने हाच दर पक्का झाला.

याच आयोगापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२५ मध्ये साक्ष दिली होती. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला होता. त्यांनी दाखविलेली बाजू आजही विसरू नये अशी आहे. स्वस्त रुपयाने होणारा लाभ परदेशातून येत नाही. महागाई वाढते, मजुरी मागे राहते आणि देशातीलच श्रमिकाच्या ताटातून तो व्यापाऱ्याकडे जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे महाग रुपया कापूसवाल्याला जाचतो आणि स्वस्त रुपया मजुराला. सर्वांना सारखा मानवेल असा दर नसतोच.

स्वातंत्र्यानंतरही पौंडाचा तोच दर चालू राहिला. १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले, तेव्हा रुपयाही तेवढाच खाली आला. ६ जून १९६६ च्या अवमूल्यनाने पौंड २१ रुपयांचा झाला. पौंडाशी असलेली गाठ १९७५ मध्ये सुटली आणि १९९३ पासून दर प्रामुख्याने बाजारावर सोपविण्यात आला.

या इतिहासाचे सार एवढेच की, रुपयाचा चढा भाव ही राष्ट्राची प्रतिष्ठा नव्हे आणि उतरता भाव ही बेअब्रू नव्हे. परकीय राजवटीने रुपया महाग ठेवला, तेव्हा देशभक्तांनी तो स्वस्त व्हावा म्हणून झुंज दिली. राष्ट्राची प्रतिष्ठा शेतात, कारखान्यात आणि कारागिराच्या हातात घडते. हुंडणावळीचा दर ही तिची केवळ सावली आहे. म्हणून दर बदलल्याचे वृत्त येईल तेव्हा आकड्याने हर्ष वा खेद न मानता दोनच प्रश्न विचारावेत: हा निर्णय कोणाच्या हिताचा, आणि त्याची किंमत कोणाच्या घरातून वसूल होणार? १८९३ साली हे प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तर देण्यास सरकार बांधील नव्हते. आज ते बांधील आहे. स्वराज्याचे मोल यात आहे, आणि प्रश्न विचारण्याची जबाबदारीही.