मुकी पट्टी



श्रावण लागला की नागापुरातल्या माझ्या टेबलावर पाहुणे जमतात. वर्षभर माळ्यावर पडलेले जुने सिंथेसायझर. कंपनी कोणतीही असो, आपण त्याला ‘कॅसिओ’च म्हणतो. गणपती तोंडावर आलेले असतात आणि तक्रार ठरलेली: ‘काळी चार वाजत नाही. सूर गेला.’

सूर गेलेला नसतो. पेटीत पट्टी दाबली की खालचं भोक उघडतं आणि भात्याची हवा त्या पट्टीच्या सुरातून, म्हणजे धातूच्या जिभेतून जाते. तो सूर बिघडला, तर खरंच गेला. सिंथेसायझरची पट्टी म्हणजे मात्र नुसतं बटण. आवाज आतल्या बोर्डावर तयार होतो, पट्टी फक्त निरोप धाडते. तो निरोप वाटेत अडतो.

म्हणून पेचकस हातात घेण्याआधी मी सगळ्या पट्ट्या ओळीनं वाजवून बघतो. एकच मुकी असेल, तर दोष बहुधा तिच्याच खाली. ठरावीक अंतरानं दर आठवी पट्टी मुकी असेल, तर पट्ट्यांना हात लावायचा नाही. त्यांची सामाईक वायर किंवा कनेक्टर तपासायचा. एखादी पट्टी हळू दाबूनही ओरडते. अनेक वाद्यांत पट्टीखाली दोन संपर्क असतात. पहिला जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंत किती वेळ गेला, त्यावरून यंत्र बोटाचा जोर ओळखतं. धुळीमुळे पहिला उशिरा जुळला की ते अंतर घटतं आणि यंत्राला वाटतं, जोरात दाबली.

जुन्या वाद्यांत हे संपर्क धातूच्या बारीक तारांचे, नंतरच्यांत रबरी पट्टीवर काळ्या कार्बनच्या टिकल्या. प्लग काढायचा, थोडा वेळ थांबायचं, मग उघडायचं. बोर्डावरचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीनं पुसायचे. टिकल्यांना पॉलिश पेपर कधीच लावू नका, कार्बनच निघून जाईल. टिकल्या झिजल्याच असतील, तर टोकाच्या, कमी वाजणाऱ्या सप्तकाची रबरपट्टी मधल्या सप्तकाला लावून बघावी. मापं जुळली, तर काम भागतं.

एवढा खटाटोप कशाला? मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 साली रोलंडच्या ज्युपिटर-8 आणि त्याच कंपनीच्या एका ताल-यंत्रावर व एका बेस सिंथेसायझरवर दहा राग ध्वनिमुद्रित केले. तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 2010 साली ती तबकडी पुन्हा निघाली आणि जगभर ऐकली गेली. तीच जुनी यंत्रं आज लोक शोधत फिरतात. मग माळ्यावरचं भंगारात कशाला घालायचं?

काम झालं की गिऱ्हाईक विचारतं, ‘कोणता पार्ट टाकला?’ मी काळी झालेली कापसाची काडी पुढे करतो. त्याचा विश्वास बसत नाही. मग तो स्वतःच काळी चार दाबतो.