मानसिक आरोग्यसेवा आणि विम्याचा आधार

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोरील व्याख्यानाचा मजकूर)



१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात आठ तालुके आहेत. अर्जुनी मोरगाव वा देवरी तालुक्यातील एखाद्या कुटुंबातील कर्ता पुरुष अचानक अबोल होतो, त्याची झोप उडते, धानाची रोवणी तोंडावर असताना बांधाकडे फिरकत नाही. घरची मंडळी प्रथम बाहेरची बाधा पाहतात, नंतर कर्ज काढून दूरच्या शहरातील दवाखाना गाठतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुसंख्य उपचारांविनाच होते. म्हणजे हा प्रश्न एखाददुसऱ्या घराचा नव्हे.

उपचारासाठी जायचे कोणाकडे, याविषयीच मुळात गोंधळ आहे. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असून तो औषधे लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि संवादाच्या मार्गाने उपचार करतो; औषधे देणे हे त्याचे काम नव्हे. त्याची नोंदणी १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. समुपदेशक ही पाटी मात्र कोणीही लावताना दिसतो. म्हणून नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. वैद्य चांगला असेल तर त्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

पूर्वी विदर्भातील रुग्णाची वाट ठरलेली असे : १८६४ पासूनचे नागपूरचे मनोरुग्णालय. गोंदियाहून रेल्वेने ते अंतर सुमारे १३० किलोमीटर. रुग्ण आणि सोबती अशा दोघांची मजुरी बुडे. आता गोंदिया येथे २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असून कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय त्यास संलग्न आहे. पहिली चौकशी तेथील बाह्यरुग्ण विभागात करावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सेवा ग्रामीण रुग्णालयात कोणत्या दिवशी मिळते, हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात विचारून ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिले, तर अनेकांची एक खेप वाचेल. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. तेथे विम्याचा प्रश्नच उद्भवत नाही. रात्री-अपरात्री मन फार अस्वस्थ झाले, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो.

खाजगी उपचार घ्यायचे ठरले की विम्याचा विचार आलाच. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २१ ने प्रत्येक विमा कंपनीवर असे बंधन घातले आहे की, शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजाराच्या उपचारांसाठीही विम्याची तरतूद असावी. विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना याचे पालन करण्यास कळविले. तरीही काही पॉलिसींतील जुनी वगळणूक कायम राहिली, आणि २०२२ साली प्राधिकरणास त्याच वर्षीच्या ३१ ऑक्टोबरची मुदत घालून पुन्हा सांगावे लागले. कायदा पुस्तकात येणे आणि दावा मंजूर होणे यांत एवढे अंतर असते.

येथे एक बारकावा लक्षात घेणे अगत्याचे आहे, कारण निराशा बहुधा याच ठिकाणी पदरी येते. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतात. मानसशास्त्रज्ञाकडे आठवड्यातून एकदा तासभर बसून घेतलेले उपचार बाह्यरुग्ण स्वरूपाचे असतात; पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्चाची स्वतंत्र तरतूद नसेल, तर ती फी कुटुंबालाच द्यावी लागते. कायद्याने शारीरिक आजाराशी समानता दिली आहे, आणि तापाच्या बाह्यरुग्ण तपासणीचेही पैसे अशा पॉलिसीत मिळत नाहीत. म्हणून 'आपण विमा घेता का?' एवढेच डॉक्टरांना विचारून भागत नाही. बाह्यरुग्ण खर्च मिळतो काय, वर्षाला किती, मानसशास्त्रज्ञाची पावती चालते की मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी लागते, आणि दाखल व्हावे लागल्यास कोणत्या रुग्णालयात कॅशलेस सोय आहे, हे कंपनीला विचारून उत्तर लेखी घ्यावे. दूरध्वनीवरच्या आश्वासनाला दाव्याच्या वेळी किंमत नसते.

पॉलिसी नव्याने काढताना पूर्वीचा आजार लपविण्याचा मोह होतो. लोकलज्जेपोटी तसे घडते हे खरे. परंतु तो लपविलेला रकाना पुढे दावा नाकारण्याचे कारण ठरतो. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा करण्यात आला आहे. खरे सांगून तेवढा काळ थांबणे अधिक सोयीचे.

दावा फेटाळला गेल्यास कारण लेखी मागावे आणि प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. अर्ज लिहिता न येणाऱ्या कुटुंबाला तो लिहून देणे गावातील शिक्षकाला किंवा ग्रामसेवकाला सहज शक्य आहे. सोबत पॉलिसीची प्रत, पावत्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि कंपनीचे नकारपत्र जोडावे.