रेंजचा कातळ

सह्याद्रीतल्या एका घाटरस्त्याच्या कामावर मी साइट इंजिनियर होतो. तिथे वळणाच्या वर एक कातळ होता. त्यावर चढलं की फोनला रेंज यायची. बिगारी तिथून घरी बोलायचे आणि मीही तिथूनच हजेरी, डंपरची चलनं, सिमेंटची मागणी पाठवायचो. पावसाळ्यात एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फोन.

मग सिमवर चालणारा राउटर आला. आम्ही तो कंटेनरच्या कचेरीत, माझ्या टेबलावर ठेवला. रेंज जेमतेम. पत्र्याचा डबा रेडिओलहरींना सहज आत येऊ देत नाही, हे इंजिनियर असूनही लक्षात आलं नाही. आमचा मुकादम म्हणाला, "साहेब, रेंज कातळावर आहे, तर पेटी इथं कशाला?"

त्याचं खरं होतं. कातळावर खांब रोवला, टॉवरच्या दिशेने अँटेना बांधली आणि राउटरही पाणी न शिरणाऱ्या पेटीत तिथेच ठेवला. कारण अँटेनाची केबल लांबली की सिग्नल वाटेतच विरतो. ३ डेसिबल गेले म्हणजे निम्मी ताकद गेली. राउटरपासून कचेरीपर्यंतची नेटवर्कची केबल मात्र १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते, आणि तिच्यातूनच राउटरला वीजही देता येते.

फोनवरच्या काड्यांवर फार विसंबू नका. काड्या भरलेल्या असून नेट रखडतं, कारण टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. संध्याकाळी खालचं गाव क्रिकेट बघायला बसलं की आमची चलनं अडकायची. दोन कंपन्यांची सिम घेतली, तर दोघींच्या अँटेना एकाच टॉवरवर निघाल्या. टॉवरची वीज गेली, बॅटरी संपली, की दोन्ही एकदम गप्प! सिम घेण्याआधी टॉवर कुठला, हे विचारावं.

दुसरी अडचण मुख्य कार्यालयाची. त्यांना तिथे बसून साइटचा कॅमेरा बघायचा होता. पण मोबाइल कंपन्या बहुधा एकाच इंटरनेट-पत्त्याआड अनेक ग्राहक बसवतात. चाळीचा पत्ता एक आणि दारांवर नंबर नाहीत, तर पोस्टमनने पत्र द्यायचं कुणाला? म्हणून साइटच्या राउटरनेच कार्यालयाशी सुरक्षित वाट उघडायची आणि ती उघडी ठेवायची. तिला व्हीपीएन म्हणतात.

वाट उघडली, पण तिच्यावरून न्यायचं काय? सेकंदाला २ मेगाबिट घेणारा कॅमेरा अहोरात्र चालला तर दिवसाला २१ जीबीहून जास्त डेटा खातो. आम्ही चित्रण साइटवरच साठवलं आणि दर दहा मिनिटांनी एक फोटो पाठवला. हजेरी आणि चलनं आधी नोंदवायची, रेंज आली की आपोआप जायची. ही व्यवस्था छोटी वाटेल, पण रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल ॲपवरची हजेरी सक्तीची झाली, हे आठवा. डोंगरात रेंज नाही म्हणून फोटो पोचला नाही, तर खड्डा खणलेला असूनही मजुरी अडते. रेंज नसतानाचं काम रेंज आल्यावर पोचलं पाहिजे, एवढी सोय सगळ्यात आधी बघावी, वेग नंतर.

रात्री आठनंतर आमचं पाठवण्याजोगं काही उरत नसे. तेव्हा तेच नेट मजुरांच्या झोपड्यांसाठी खुलं केलं. पहिल्या रात्री मुकादमाने नांदेडकडच्या आपल्या गावी व्हिडिओ कॉल लावला. थोडं बोलून झाल्यावर बॅटरीचा झोत वर मारला, फोन तिकडे वळवला आणि लेकीला म्हणाला, "तो दगड दिसतो का? इतके दिवस तुझा बाप तिथं चढून बोलत होता."